संत्रं सोलायला दोन वर्षं लागतात

दोन वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. बोटांची हाडं दिसतात, कोपराकडून आलेली दोन लांब हाडं दिसतात, आणि मनगट असायला हवं तिथे जवळजवळ रिकामी जागा असते. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या मनगटात त्यांतलं एकही तयार नसतं. तिथे सगळी मऊ कूर्चा असते आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं धरू लागतात. दुसरा वाढदिवस येतो तेव्हाही साधारण दोन-तीनच झालेली असतात. सगळ्यात शेवटचं, वाटाण्याएवढं हाड उमटायला मूल चौथी-पाचवीत जावं लागतं. मुलाच्या हाडांचं वय ठरवताना डॉक्टर डाव्या हाताचा फोटो काढायला सांगतात, तो याच हिशेबासाठी.

मनगट असं अर्धवट असताना नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या घरात हा हात काय काय उद्योग करत असतो, ते जरा बसून पाहावं. दाराशी पडलेल्या चपलांच्या ढिगातून आबाजींची चप्पल नेमकी ओळखून ओढत आणतो. गडव्यातलं पाणी पेल्यात ओततो, पेल्यातलं फरशीवर. बाजाराच्या थैलीतून कांदे-बटाटे बाहेर काढतो आणि पुन्हा आत भरतो. दाराची कडी काढायची धडपड करतो. आणि थंडी पडली, अंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर रचली गेली, की एक संत्रं घेऊन मांडी घालून बसतो. ते सोलतो, किंवा सोलायचं म्हणून त्याच्याशी झटतो.

ही झटापट जवळून पाहिली की थक्क व्हायला होतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फोडींना घट्ट चिकटलेली नसते, म्हणून छोट्या बोटांना ती जमण्यासारखी आहे. मोसंबी दिली तर मूल रडकुंडीला येईल. तरीही पहिलं भोक मोठ्या माणसानंच पाडून द्यावं लागतं, कारण देठाकडे अंगठ्याचं नख रुतवायला जो जोर लागतो तो अजून आलेला नसतो. पुढचं काम त्याचं. डाव्या हातानं फळ धरायचं, पण दाबायचं नाही. दाबलं की रस गळतो. उजव्या हाताचा अंगठा सालीखाली सरकवायचा आणि साल वर ओढायची, पण फोडीत घुसायचं नाही. म्हणजे एका हाताला सांगायचं स्थिर राहा, दुसऱ्याला सांगायचं हल, आणि हे दोन्ही हुकूम एकाच वेळी द्यायचे. सात-आठ महिन्यांचं बाळ दोन्ही हातांनी वस्तू धरतं, पण दोन हातांना दोन वेगळी कामं वाटून देणं त्याला नुकतं कुठे सुचू लागलेलं असतं. ही वाटणी सरावाची व्हायला दुसरं वर्ष उलटतं.

शिवाय बोटांना स्वतःची ताकद नसते. बोटांच्या आत ती वाकवणारा स्नायूच नाही. काही छोटे स्नायू तळहातात असतात आणि जोराची पकड देणारे थेट कोपराखालच्या भागात. तिथून निघालेल्या लांब कंडरा मनगटातून पुढे जाऊन बोटं ओढतात, कठपुतळीच्या दोऱ्यांसारख्या. आपल्या हाताचा कोपराखालचा भाग दुसऱ्या हातानं पकडून बोटं हलवून बघा, आतली हालचाल लगेच लागते. या दोऱ्या ज्या मनगटातून जातात ते मुलाच्या बाबतीत अजून कूर्चेचं आहे. तरी ते संत्रं सोलतंय.

त्या हातात जाणीव मात्र भरपूर असते. स्वीडनच्या योहान्सन आणि वॉल्बो या शास्त्रज्ञांनी १९७९ साली हिशेब मांडला, की माणसाच्या एका तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० टोकं असतात, आणि ती सगळ्यात दाट असतात बोटांच्या अग्रांवर. साल कुठे फाटली, फोड कुठे लागली, पकड कुठे निसटू लागली, हे त्या टोकांतून मेंदूला कळत राहतं. मूल पुन्हा पुन्हा चुकत सोलतं तेव्हा मेंदू ही खबर आणि हाताचा जोर यांचा मेळ घालत असतो. कुणी शब्दांनी सांगून हा मेळ बसत नाही. सोललेलं संत्रं मुलाच्या हाती देणं चांगलंच, पण अर्धवट सोललेलं देणं त्याहून चांगलं, असं माझं मत आहे. फक्त बिया काढून, फोडीचे बारीक तुकडे करून मगच त्याच्या तोंडात जाऊ द्यावेत.

हात डोक्याशी कसा बोलू लागतो याचा एक सुरेख प्रयोग अमेरिकेत झाला आणि १९९९ साली प्रसिद्ध झाला. बाळांसमोर खाऊ भरलेला चमचा ठेवला, कधी दांडा उजवीकडे तर कधी डावीकडे. नऊ महिन्यांची बाळं आपल्या आवडीचा हात पुढे करत. दांडा दुसऱ्या बाजूला असला तर खाऊच्या बाजूनंच चमचा धरत आणि उलटं टोक तोंडात घालत. चौदा महिन्यांची मुलंही चुकत, पण तोंडापर्यंत जाता जाता ध्यानात येऊन चमचा वळवून घेत. एकोणीस महिन्यांची मुलं आधी पाहत, मग कोणता हात पुढे करायचा ते ठरवत. दहा महिन्यांत केवढा पल्ला! पहिल्या टप्प्यावर चूक कळतच नाही, दुसऱ्यावर घडत असताना कळते, तिसऱ्यावर घडण्याआधी कळते. आणि हे सगळं जेवताना सांडत, बरबटत होतं. जो खाऊ पूर्णपणे आईच्या हातून भरवला जातो, त्यात ही शिकवणी नसते. आपल्याकडे वरणभाताचा घास बोटांनी उचलतात. त्यात तर चमच्याचा दांडाही मध्ये नाही. भात किती गरम, किती मऊ, घास किती मोठा, सगळं बोटांनाच ठरवावं लागतं.

पण मुलाला हे करावंसं का वाटतं? आपण झाडू घेतला की त्याला झाडूच का हवा असतो, खेळण्यांचा डबा सोडून?

हॅरिएट राइनगोल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली यावर एक प्रयोग केला. घरासारखी मांडलेली खोली, त्यात अर्धवट राहिलेली कामं: जमिनीवर कागदाचे कपटे, घड्या न घातलेले कपडे, मांडायचं टेबल. दीड ते अडीच वर्षांची मुलं आईवडिलांबरोबर आत यायची आणि मोठ्यांनी फक्त काम सुरू करायचं. मुलाला हाक मारायची नाही, बक्षीस कबूल करायचं नाही. बहुतेक मुलं आपण होऊन कामाला लागली. राइनगोल्डबाईंनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती कुठल्याही घराला लागू पडेल. काही पालकांनी सांगितलं, की मूल मध्ये मध्ये करतं म्हणून आम्ही ते झोपल्यावर कामं उरकतो. म्हणजे मुलाची मदतीची हौस पूर्ण भरात असते त्याच वयात काम त्याच्या नजरेआड होतं.

पुढे जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षांच्या २४ मुलांना घेऊन पाहिलं. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, चिमटा हातून पडतो, तो वाकून पोचायचा प्रयत्न करतो. मुलं उठून चिमटा उचलून देत. तोच चिमटा त्यानं मुद्दाम फेकला, तर मुलं बसून राहत. २४ पैकी २२ मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रसंगी मदत केली. हा अभ्यास २००६ साली छापून आला. नीट बोलताही न येणारं मूल समोरच्याच्या हातून काय निसटलं आणि त्यानं काय टाकलं यातला फरक ओळखतं! त्याच दोघांनी २००८ साली याच्या पुढचं दाखवलं. वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल प्रत्येक वेळी खेळणं बक्षीस मिळालं, ती पुढे बक्षीस बंद झाल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. ‘चपला ठेवल्यास तर चॉकलेट’ हा सौदा म्हणूनच मला महागाचा वाटतो. चपला ठेवणं त्याला आधीच आवडत होतं.

इतवारीत काम नजरेआड करायची सोयच कमी आहे, आणि मुलाच्या दृष्टीनं हे भाग्याचं आहे. किराणा ओळी, पोहा ओळी, लोहा ओळी: बाजाराच्या नावातच माल आहे. कित्येक इमारतींत खाली दुकान, वर घर. दुकानाच्या गादीवर आजोबांच्या मांडीला टेकून बसलेलं पोट्टं दिवसभर काय पाहतं? माल मोजला जातो, पुडी बांधली जाते, काटा समान झाला की हात थांबतो, सुटे पैसे परत जातात. कुणी त्याला धडा देत नाही. काम चालू असतं आणि ते तिथे असतं.

असं नुसतं ‘तिथे असणं’ हे शिकणंच आहे, हे बार्बरा रोगॉफ यांनी जयंती मिस्त्री आणि इतर सहकाऱ्यांबरोबर चार ठिकाणी फिरून दाखवलं: ग्वाटेमालाचं सान पेद्रो, तुर्कस्तानातलं केचीओरेन, अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी आणि आपल्या राजस्थानातलं ढोल की पट्टी हे आदिवासी गाव. अभ्यास १९९३ साली आला. एक ते दोन वर्षांच्या मुलांना कपडे घालताना आणि नवीन वस्तू हाताळायला देताना घरची माणसं कशी वागतात, ते त्यांनी पाहिलं. अमेरिकेत आणि तुर्कस्तानात मोठी माणसं आपलं काम सोडून मुलासमोर बसत, लाडिक सुरात धडे देत. ढोल की पट्टीत आणि सान पेद्रोत मोठ्यांचं आपसातलं काम, गप्पा चालूच राहत, मुलाला हवं तेव्हा हात मिळे. आणि तिथली मुलं एकाच वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवण्यात पटाईत होती. एक चांगलं आणि दुसरं वाईट, असा निकाल या अभ्यासातून निघत नाही. पण ‘मुलाला वेळ देता येत नाही’ म्हणून झुरणाऱ्या दुकानदार घरातल्या आईला यातून बळ मिळावं. काम थांबवून खेळ मांडण्याची गरज नाही, कामात जागा करून द्यायची आहे.

जागा करून देणं म्हणजे काय, ते डाळ निवडताना दिसतं. आजी सूप घेऊन बसलेली आहे. नात शेजारी. तिला वाटीभर डाळ वेगळी दिली आहे. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक दाणा उचलते, उजेडाकडे धरते, आणि आजीनं खड्यांसाठी ठेवलेल्या झाकणात टाकते. दाणा चांगलाच होता. आजी तो काढून घेत नाही, हसतही नाही. आपल्या सुपातला खडा उचलून तिच्या तळहातावर ठेवते. “पाय बरं, हा खडा. टोचते ना?” नात तो बोटानं दाबते, मग डाळीचा दाणा दाबते. पुढचा खडा तिला सापडतो की नाही, याची आजीला घाई नाही. चिमटीची ही पकड नवव्या-दहाव्या महिन्यापासून येऊ लागते, आणि पुढे तीच पकड सुई धरणार आहे, पेन्सिल धरणार आहे, इतवारीच्या सराफ्यात बसणाऱ्यांच्या घरात कदाचित सोन्याची बारीक कडीही.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. कोरडी डाळ, चणे, शेंगदाणे, मणी या वस्तू मुलं नाकात घालतात, तोंडात घालतात. ओलाव्यानं दाणा फुगतो आणि अडकतो. त्यामुळे डाळीचा हा उद्योग मोठं माणूस समोरासमोर बसलेलं असेल तेव्हाच. ते उठलं की वाटीही उठली पाहिजे. एरवी आंबाडीची पानं खुडायला द्यावीत, चवळीच्या शेंगा मोडायला द्याव्यात, कांदे एका टोपलीत आणि बटाटे दुसऱ्या टोपलीत लावायला सांगावं. यातही बोटं तितकीच राबतात. पाण्याचंही तसंच. भरलेली बादली दोन वर्षांच्या मुलासाठी धोक्याची असते. तिच्यात तोल जाऊन डोकं खाली गेलं तर त्याला स्वतःला उचलता येत नाही. गडवाभर पाण्यात मजा तितकीच आहे.

गडव्याची मजा तर ऐकण्यासारखी आहे, अक्षरशः. आपले पेले स्टीलचे. बाहेरून पाणी कुठवर आलं ते दिसत नाही, आणि मुलाची उंची अशी की वरून डोकावताही येत नाही. मग थांबायचं कधी? कान देऊन ऐका: पेला भरत येतो तसा पाणी पडण्याचा आवाज बारीक, उंच होत जातो, कारण आतल्या हवेचा खांब आखूड होत जातो. बासरीवर बोटं उचलत गेलं की सूर चढतो, तोच नियम. शिवाय गडवा हलका होत जातो, मनगटाला ते कळतं. एका साध्या ओतण्यात कान, मनगट आणि डोळे एकत्र कामाला लागतात. परातीत पेला ठेवावा, गडवा अर्धाच भरावा आणि फडकं त्याच्याच हाताशी ठेवावं. सांडलेलं पुसणं हा त्याच उद्योगाचा उत्तरार्ध आहे, आणि मुलांना तो पूर्वार्धाइतकाच आवडतो.

घरातल्या या कामांना शिक्षणाचा मान मिळवून देणारी माणसं आपल्या जवळचीही आहेत. सुरुवात मात्र दूर झाली. इटलीत मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मुलांचं घर उघडलं. तिथे ओतणं, झाडणं, बटणं लावणं ही कामं शिकण्याच्या मध्यभागी आली. त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं: रुमाल कसा काढायचा, आवाज न करता हळूच कसं शिंकरायचं. मुलं हसतील असं त्यांना वाटलं होतं. ती टक लावून पाहत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेंबडं म्हणून त्या मुलांना आजवर सगळ्यांनी हिणवलं होतं. कसं शिंकरायचं ते कुणी शांतपणे दाखवलं नव्हतं.

ही कल्पना गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रुजली आणि तिथे १९२३ साली ताराबाई मोडक आल्या. ताराबाईंचा संसार सुरू झाला होता तो आपल्या अमरावतीत. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची साधनं सुबक, लाकडी आणि महाग होती. बोर्डीला तो खर्च परवडणारा नव्हता, आणि ताराबाईंना त्याची गरजही वाटली नाही. शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे ही साधनं गावातच होती. मुलं शाळेपर्यंत येईनात, कारण घरची भावंडं सांभाळायची असत, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. तिथे शिक्षणाची सुरुवात आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं इथून होई. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

म्हणूनच साखळ्या, कड्या, बकलं ठोकलेल्या तयार फळ्या विकत घ्यायला माझं मन होत नाही. त्या वाईट नाहीत. पण फळीवरची कडी उघडून पलीकडे काही उघडत नाही. घराच्या कपाटाची कडी उघडली की आत आपला टॉवेल असतो. इतवारीच्या जुन्या घरांत कड्या-कोयंडे, फडताळं, खुंट्या, कोनाडे यांची काय कमी! एक खुंटी मुलाच्या उंचीवर ठोकून द्यावी. तिच्यावर त्याची पिशवी, त्याचा रुमाल.

कपड्यांच्या बाबतीत एक युक्ती व्यवसायोपचार करणारे तज्ज्ञ सांगतात आणि ती फार शहाणपणाची आहे: काम शेवटाकडून शिकवावं. चड्डी आपण पायात घालून गुडघ्यांच्या वरपर्यंत आणायची. कमरेपर्यंत ओढणं तेवढं त्याचं. ते जमलं की पुढच्या वेळी गुडघ्यांपासून त्याचं. मग एक पाय त्याचा. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल अवघड भागाशी झुंजतं आणि शेवट आपण उरकतो, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद आपल्याच वाट्याला येतो. शेवटाकडून शिकवलं की प्रत्येक वेळी काम संपतं ते त्याच्या हातानं. बटणांना मात्र धीर धरावा. मोठी, सैल काजांची बटणं तिसऱ्या वर्षात जमू लागतात. बटण काढणं आधी येतं, लावणं नंतर.

आणि या सगळ्या शिकण्याचा नागपूरकरांनी चक्क सण केला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा मुलांचा पोळा. त्याच दिवशी इतवारीत काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते, रस्ते माणसांनी फुलून जातात, आणि गल्लीगल्लीत मुलं नटूनथटून चाकांचे लाकडी नंदी ओढत असतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला नंदी ओढताना बघावं. दोरी हातात धरून पुढे चालायचं आणि मान वळवून मागे नंदी येतोय का पाहायचं! चालणं नुकतं शिकलेल्याला यात तोल सांभाळणं केवढं कठीण. कॅरन अडॉल्फ यांच्या न्यू यॉर्कमधल्या चमूनं मोजून २०१२ साली मांडलंय, की एक ते दीड वर्षाच्या आसपासची मुलं मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. नंदी ओढताना जास्तच पडत असावीत. आणि काही मुलं वीतभर नंदीवर बसायला जातात, अगदी गंभीरपणे, पाय फाकवून. खोड्या म्हणून ती हे करत नाहीत. जुडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं, की दीड ते अडीच वर्षांची मुलं बाहुलीच्या खुर्चीत बसायचा, खेळण्यातल्या मोटारीत पाय घालायचा मनापासून प्रयत्न करतात. वस्तू ओळखणारा मेंदूचा भाग ‘बैल’ म्हणतो, आणि आकार मोजणारा भाग क्षणभर मागे राहतो. थोड्या दिवसांनी दोघे बरोबर चालू लागतात.

नंदी घेऊन मूल दारोदार जातं, तेव्हा त्याच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाचे थोडे पैसे, ठेवतात. तो कुठल्या कामाचा मोबदला नसतो. सगळ्या पोरांना मिळतो, म्हणून वरच्या बक्षिसाच्या सौद्यात तो बसत नाही. पण देताना एक करा. लहानग्यांना नाणं देऊ नका, ते गिळतात. दहाची नोट द्या, नवी असेल तर उत्तम, आणि ती खिशात घालून देऊ नका. मुलाला स्वतःचा खिसा दिसत नसतो. त्याला कुर्ता चाचपत खिशाचं तोंड बोटांनी शोधावं लागतं, दुसऱ्या हातानं ते उघडं धरावं लागतं आणि नोट न चुरगळता आत सरकवावी लागते. मागे दुसरी पोरं रांगेत उभी असतील. असू द्या.